व्यापारी पत्रातली अपेक्षा इंग्रजीत कशी लिहावी?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा यंत्रमागधारक असो, सोलापूरचा टॉवेलवाला असो की कोल्हापुरी चपला करणारा कारागीर असो, माल राज्याबाहेर पाठवायची वेळ आली की इंग्रजीशी गाठ पडतेच. तिरुपूरच्या गिऱ्हाइकाला मराठी येत नाही, आपल्याला तमिळ येत नाही, मग मधली भाषा इंग्रजी. दुबईचा व्यापारी तोंडाने हिंदी-उर्दू बोलतो हे खरे, पण ऑर्डर इंग्रजीतच पाठवतो, कारण ती पुढे त्याला बँकेत आणि क्लिअरिंग एजंटकडे दाखवायची असते. पूर्वी हे काम पत्राने होई, आज ई-मेल आणि व्हॉट्सॲपने होते. साधन बदलले, वाक्ये मात्र बहुतेक तीच राहिली आहेत.

या पत्रांत भाव, मीटर, पन्हा, गाठींची संख्या यात आपले लोक सहसा चुकत नाहीत. आकडा हा आपला हातखंडा विषय आहे. गडबड होते ती शेवटच्या दोन ओळींत. उत्तर कधी येईल, पैसे कधी येतील, माल कधी निघेल, म्हणजे जे अजून घडलेले नाही आणि ज्याची आपण वाट पाहत आहोत, ते सांगण्यात.

याचे कारण आपल्या भाषांत आहे. मराठीत 'अपेक्षा' हा एकच शब्द तीन कामे करतो. 'आपल्या उत्तराची अपेक्षा आहे' यात विनंती आहे. 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती' यात नाराजी आहे. 'उद्या पाऊस अपेक्षित आहे' यात नुसता अंदाज आहे. उर्दूत 'उम्मीद' आणि 'तवक्को' यांचेही तसेच. ऐकणारा माणूस सूर आणि चेहरा पाहून अर्थ लावतो. इंग्रजीने मात्र या कामांसाठी वेगवेगळे शब्द ठेवले आहेत आणि प्रत्येकाचे वजन निराळे आहे. कोणता शब्द कोणाला बांधतो, तुम्हाला की समोरच्याला, हे त्या वजनावर ठरते. म्हणून आज आम्ही व्याकरणाच्या पुस्तकाच्या क्रमाने न जाता दुकानाच्या क्रमाने जाणार आहोत.

सर्वांत जास्त वापरले जाणारे वाक्य आधी घेऊ. 'वुई लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.' म्हणजे तुमच्या उत्तराची आम्ही आनंदाने वाट पाहत आहोत. आपल्याकडच्या दहांतली निदान पाच पत्रे इथे 'टू हिअर फ्रॉम यू' लिहितात. ते चूक आहे. शाळेत शिकवलेले असते की 'टू' नंतर क्रियापद साधे येते. 'वॉन्ट टू गो', 'वॉन्ट टू बाय'. ते बरोबरच आहे, पण इथला 'टू' तो नव्हे. हा 'टू' 'टू द मार्केट' मधला आहे, त्याच्यापुढे नाम लागते, आणि क्रियापद ठेवायचेच असेल तर त्याला 'इंग' लावून नामासारखे करावे लागते.

कोणता 'टू' कुठला हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. 'टू' नंतर 'युवर रिप्लाय' हे दोन शब्द ठेवून पाहा. 'वुई लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय' हे वाक्य बसते, तेव्हा इथे 'हिअरिंग', 'रिसीव्हिंग', 'मीटिंग' असेच यायला हवे. 'वुई होप टू युवर रिप्लाय' हे बसत नाही, तेव्हा तिथे 'होप टू हिअर', 'होप टू रिसीव्ह' असे साधे क्रियापद. 'एक्सपेक्ट टू', 'प्लॅन टू' यांचेही 'होप'प्रमाणेच. कापड बोटांत चोळून सूत ओळखतो तशी ही कसोटी एकदा हाताला लागली की नियम आठवावा लागत नाही.

दुसरी चूक 'लुकिंग फॉरवर्ड फॉर युवर रिप्लाय'. हा 'फॉर' आपल्या 'उत्तरासाठी' मधून, उर्दूच्या 'जवाब के लिए' मधून आलेला आहे. तो काढून टाकावा. काही जण तर 'टू' सुद्धा गाळून 'लुकिंग फॉरवर्ड युवर रिप्लाय' लिहितात, तेही चूक. 'वुई लुक फॉरवर्ड' आणि 'वुई आर लुकिंग फॉरवर्ड' ही दोन्ही रूपे बरोबर आहेत. पहिले जरा औपचारिक, नव्या गिऱ्हाइकासाठी. दुसरे ओळखीच्या माणसासाठी.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवावी की हे शब्द चांगल्या गोष्टीसाठीच आहेत. भेट, ऑर्डर, नमुना, उत्तर, यांची वाट पाहावी. 'वुई आर लुकिंग फॉरवर्ड टू सम डिले' असे लिहिले तर वाचणाऱ्याला वाटेल की माल उशिरा पाठवण्यात या गृहस्थांना मजा येते आहे.

आता 'वेट' आणि 'अवेट'. अर्थ जवळजवळ एकच, पण 'वेट' ला 'फॉर' लागतो आणि 'अवेट' ला लागत नाही. 'वुई आर वेटिंग फॉर युवर सॅम्पल' किंवा 'वुई अवेट युवर सॅम्पल'. 'अवेटिंग फॉर' हे दोन्हींची खिचडी आहे. 'वुई आर वेटिंग सिन्स टू मंथ्स' हेही चूक. 'वुई हॅव बीन वेटिंग फॉर टू मंथ्स' लिहावे. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना पत्राचा शेवट 'जवाब का मुंतजिर' असा करण्याची सवय असते. मुंतजिर म्हणजे वाट पाहणारा, शब्द गोड आहे. पण त्याच्या जोडीने 'बेचैनी से इंतजार' हा प्रयोगही येतो आणि त्याचे भाषांतर 'अँक्शसली वेटिंग' असे होते. इंग्रजीत 'अँक्शस' म्हणजे चिंतेने घेरलेला. गिऱ्हाइकाला तुम्ही चिंतेत आहात असे कळले की तो भाव पाडून मागणार, हे सांगायला नको. 'कान्ट वेट' हे वाक्य मित्रांसाठी ठेवावे, धंद्यात नको.

खरा पैशाचा प्रश्न 'होप' आणि 'एक्सपेक्ट' इथे येतो. 'होप' म्हणजे व्हावे अशी इच्छा. ते होईलच असे नाही आणि न झाल्यास दोष कोणाचाही नाही. 'एक्सपेक्ट' म्हणजे होणार असे धरून चाललो आहोत. न झाल्यास कोणीतरी जबाब द्यायला हवा. म्हणून नव्या गिऱ्हाइकाला 'वुई एक्सपेक्ट युवर ऑर्डर बाय मंडे' लिहिले तर तो हुकूम वाटतो. मालक नोकराला लिहितो तसा. मनात नम्रता असते, कागदावर दमदाटी उतरते. तिथे 'वुई होप टू रिसीव्ह युवर ऑर्डर' किंवा 'वुई लुक फॉरवर्ड टू रिसीव्हिंग युवर ऑर्डर' पाहिजे. याउलट थकलेल्या बाकीसाठी तिसऱ्यांदा लिहिताना 'वुई होप यू विल पे' म्हणणे म्हणजे स्वतःच्या हाताने गाठ सैल करणे होय.

बाकी वसुलीच्या पत्रांत हे वजन पायरी-पायरीने वाढवता येते. मुदत उलटल्यावरचे पहिले पत्र मऊ असावे. बिलाचा नंबर, तारीख, रक्कम, आणि मग 'वुई वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेटल धिस बाय 20 जुलै'. पुष्कळदा खरोखरच बिल हरवलेले असते किंवा त्यांचा हिशेबनीस रजेवर असतो. पहिल्या पत्रात आरोप नको. दुसऱ्यात 'वुई हॅव नॉट येट रिसीव्हड युवर पेमेंट. वुई एक्सपेक्ट टू रिसीव्ह इट बाय 31 जुलै.' इथे 'एक्सपेक्ट' आपल्या जागी आहे. तिसऱ्यात अपेक्षा संपते आणि अट येते: 'अनलेस वुई रिसीव्ह पेमेंट बाय 10 ऑगस्ट, वुई शॅल स्टॉप फर्दर सप्लाय.' तिसरे पत्र लिहिण्याआधी आपण खरोखर माल थांबवू शकतो की नाही याचा विचार करावा. थांबवणार नसाल तर ते वाक्य लिहू नये. पुढच्या वेळी त्याला किंमत राहत नाही.

रचनेतही एक फरक आहे. 'वुई एक्सपेक्ट यू टू सेंड' हे बरोबर, 'वुई होप यू टू सेंड' हे चूक. 'होप' नंतर 'यू विल सेंड' असे यावे. 'तुमच्याकडून अपेक्षा आहे' याचे शब्दशः 'वुई एक्सपेक्ट फ्रॉम यू टू सेंड' होते, तेही चूक, 'फ्रॉम' काढावा. 'पूरी उम्मीद है' चे 'वुई हॅव फुल होप' करू नये. 'वुई आर कॉन्फिडंट' म्हणावे. (उर्दूत 'उम्मीद से होना' याचा जो घरगुती अर्थ आहे, नेमका तोच इंग्रजीत 'शी इज एक्सपेक्टिंग' चा आहे. म्हणजे निदान एका बाबतीत दोन्ही भाषांचे एकमत झाले म्हणायचे.)

जुन्या पत्रलेखनाच्या पुस्तकांतून आलेले 'थँकिंग यू इन अँटिसिपेशन' आजही आपल्याकडे जिवंत आहे. काम होण्याआधीच आभार मानून टाकायचे, असा त्याचा अर्थ. आपल्याला तो अदब वाटतो, पण समोरच्याने हो म्हणायच्या आतच ते गृहीत धरल्यासारखे होते. साधे 'थँक यू फॉर युवर हेल्प' किंवा नुसते 'थँक यू' पुरे. 'अँटिसिपेट' या शब्दाचे खरे काम दुसरे आहे. पुढचे ओळखून तयारीत राहणे. 'वुई अँटिसिपेट अ शॉर्टेज ऑफ यार्न इन ऑक्टोबर, सो वुई हॅव बुक्ड अर्ली.' असे वाक्य वाचून गिऱ्हाइकाचा विश्वास वाढतो.

'डू द नीडफुल' बद्दल फार लिहीत नाही. काय करायचे ते त्यात सांगितलेलेच नसते. 'प्लीज रिव्हर्ट' हेही भारताबाहेर जपून वापरावे. 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला परत जाणे. इंग्लंडमधल्या मुस्लिम गिऱ्हाइकाला तर हा शब्द ऐकून नवमुस्लिम आठवतो. 'प्लीज रिप्लाय' मध्ये काही कमी नाही.

आतापर्यंत समोरच्याकडून काय हवे ते पाहिले. आता आपण स्वतः काय देणार ते सांगण्याची भाषा. इथे 'विल', 'वुड', 'शुड' आणि 'एक्सपेक्ट टू' असे चार दरवाजे आहेत. 'द गुड्स विल लीव्ह ऑन 18 जुलै' हा शब्द दिला. 'वुई एक्सपेक्ट टू डिस्पॅच द गुड्स ऑन 18 जुलै' हा अंदाज दिला. 'द गुड्स शुड रीच यू बाय 22 जुलै' हाही अंदाजच, सर्व ठीक चालले तर. आणि 'द गुड्स वुड रीच यू' हे आपले लोक नम्रतेपोटी लिहितात, पण वाचणारा विचारतो, जर काय? 'वुड' मागे एक 'जर' लपलेला असतो. इथे तो शब्द नको.

ग्रे कापड प्रोसेसला गेलेले आहे, रंगाईवाल्याने तारीख दिलेली नाही, वीज कधी जाईल सांगता येत नाही, अशा वेळी 'विल' लिहिणे धोक्याचे आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 55 प्रमाणे जिथे वेळ हाच कराराचा गाभा ठरलेला असतो तिथे वेळ चुकली की समोरच्याला करार रद्द करण्याचा हक्क मिळतो. परदेशी ऑर्डरमध्ये 'टाइम इज ऑफ द एसेन्स' असे पाच शब्दांचे निरुपद्रवी दिसणारे वाक्य असते, ते याचसाठी. ते असेल तेव्हा 'विल' लिहिण्याआधी प्रोसेस हाऊसला फोन करावा. आणि एकदा माल तयार होऊन गाठी बांधल्या की मग 'एक्सपेक्ट टू' च्या आड लपू नये, सरळ 'विल' लिहावे. गिऱ्हाईकही हे वजन ओळखतो.

याच ठिकाणी 'इन्शाअल्लाह' चा विषय येतो. पुढच्या कामाबद्दल बोलताना तो म्हणावा ही शिकवण सूरह कहफमध्ये आलेली आहे आणि आपल्या तोंडी तो सहज येतो. आखातातल्या व्यापाऱ्याला लिहिताना अडचण नाही, तोही तेच लिहितो. पण इतर ठिकाणी पुष्कळ जण त्याचा अर्थ 'बहुधा नाही' असा घेतात. दोष शब्दाचा नाही; तारीख सांगायची नसली की काही लोक त्या जागी हा शब्द ठेवतात, त्यांचा आहे. 'इन्शाअल्लाह, द गुड्स विल लीव्ह भिवंडी ऑन 18 जुलै' असे शेजारी तारीख ठेवून लिहिले की कोणाला शंका घ्यायला जागा राहत नाही.

तारीख म्हटली की आपल्या 'पर्यंत' ची आठवण होते. हा शब्द मराठीत फार सोयीचा आणि इंग्रजीत फार नडणारा आहे. 'सोमवारपर्यंत माल येईल' आणि 'सोमवारपर्यंत दुकान बंद राहील' या दोन्हींत 'पर्यंत' आहे. उर्दूतही दोन्हीकडे 'तक'. पण पहिल्याचे इंग्रजी 'बाय मंडे', कारण सोमवार ही शेवटची हद्द आहे, काम तिच्या आत एकदा व्हायचे आहे. दुसऱ्याचे 'अंटिल मंडे', कारण ती स्थिती सोमवार उजाडेपर्यंत चालू राहणार आहे. 'प्लीज पे अंटिल मंडे' असे लिहिणारे आम्ही पाहिले आहेत. त्याचा अर्थ होतो, सोमवार येईपर्यंत पैसे देतच राहा! तो तरी हसून सोडून देण्यासारखा. पण 'द ऑफर इज ओपन बाय मंडे' लिहिले तर भाव नक्की किती दिवस टिकणार हेच कळत नाही. तिथे 'अंटिल' हवे, आणि वाद नको असेल तर पुढे 'इन्क्लुडिंग मंडे' असेही जोडावे.

'विदिन टेन डेज' म्हणजे दहा दिवसांच्या आत कधीही. 'इन टेन डेज' म्हणजे साधारण दहाव्या दिवशी. 'आफ्टर टेन डेज' म्हणजे दहा दिवसांनंतर, कधी ते अल्ला जाणे. मराठीतले 'दहा दिवसांत' आणि 'दहा दिवसांनी' इतकाच हा फरक आहे, पण घाईत उलटा होतो. 'नेक्स्ट फ्रायडे' म्हणजे हा शुक्रवार की पुढचा, यावर इंग्रजांचेही एकमत नाही, तारीखच लिहावी. तीही 5/7 अशी नको. आपल्याकडे ती 5 जुलै, अमेरिकेत 7 मे. महिना अक्षरात लिहिला की प्रश्न मिटतो.

ज्यांचा माल एल.सी. वर जातो त्यांच्यासाठी हे सगळे आणखी कडक होते. लेटर ऑफ क्रेडिटमध्ये बँक माल पाहत नाही, फक्त कागद पाहते, आणि कागदावरचे शब्द ती पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या नियमांनी वाचते. ते नियम यूसीपी 600 या नावाने ओळखले जातात आणि 1 जुलै 2007 पासून लागू आहेत. त्यांत आपल्या आजच्या विषयातले कितीतरी शब्द मोजून-मापून ठेवले आहेत.

'ॲज सून ॲज पॉसिबल', 'प्रॉम्प्ट', 'इमिजिएटली' हे शब्द एल.सी. मध्ये आले तर बँक त्यांच्याकडे दुर्लक्ष करते. जणू लिहिलेच नाहीत. याउलट 'ऑन ऑर अबाउट 15 मार्च' याचा अर्थ पक्का आहे: पाच दिवस आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंत, म्हणजे 10 मार्च ते 20 मार्च, दोन्ही दिवस धरून. शिपमेंटच्या मुदतीबाबत 'अंटिल', 'टिल', 'टू', 'फ्रॉम', 'बिट्वीन' या शब्दांत ती तारीख धरली जाते, पण 'बिफोर' आणि 'आफ्टर' मध्ये धरली जात नाही. म्हणजे 'शिपमेंट बिफोर 15 मार्च' असे असेल आणि माल 15 तारखेला जहाजावर चढला असेल, तर तुमच्या मनात वेळेत पोहोचल्याचे समाधान असेल, बँकेच्या लेखी मात्र तो उशीर आहे. कागदात खोट निघाली की पैसे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आले. मग तो सूट मागतो.

महिन्याचे तुकडेही ठरलेले आहेत. 'बिगिनिंग' म्हणजे 1 ते 10, 'मिडल' म्हणजे 11 ते 20, 'एंड' म्हणजे 21 पासून अखेरपर्यंत. 'फर्स्ट हाफ' 15 तारखेला संपतो. रकमेला, दराला किंवा मालाच्या संख्येला 'अबाउट' किंवा 'अप्रॉक्सिमेटली' जोडलेले असेल तर ज्याला जोडले त्यात दहा टक्के कमी-जास्त चालते, पण फक्त त्यातच. संख्येला 'अबाउट' आहे आणि रकमेला नाही, अशा वेळी जास्त मीटर पाठवून जास्त पैशांचे बिल लावता येत नाही. म्हणून एल.सी. चा मसुदा हाती येताच, सूत खरेदी करण्याआधी, हे शब्द वाचून घ्यावेत आणि नको असलेला शब्द गिऱ्हाइकाकडून बदलून घ्यावा. माल निघाल्यावर बदल मागितला तर तो त्याची किंमत सांगेल.

शेवटी जहाजाच्या कागदावरचे दोन शब्द. 'ईटीए' म्हणजे पोहोचण्याची अंदाजे तारीख. तो जहाज कंपनीचा शब्द नव्हे, अंदाज आहे. गिऱ्हाइकाला कळवताना 'विल अराइव्ह' न लिहिता 'इज एक्सपेक्टेड टू अराइव्ह' किंवा 'इज ड्यू ऑन' असे लिहावे. आणि बिल ऑफ लेडिंगवर जहाजाच्या नावाआधी 'इंटेंडेड व्हेसल' असे छापलेले असेल, तर त्याचा अर्थ माल या जहाजाने जाण्याचा इरादा आहे, एवढाच. यूसीपीप्रमाणे अशा कागदावर माल प्रत्यक्ष जहाजावर चढल्याची तारीख आणि त्या खऱ्या जहाजाचे नाव यांची वेगळी नोंद लागते. न्हावा शेव्याच्या एजंटकडून मूळ प्रती घेताना ती नोंद आहे का हे तिथेच पाहावे. नसेल तर करून घेतल्याशिवाय कागद बँकेत देऊ नयेत.